दोनच पाय आहेत मला

वॉटरलू, आयोवा
९ नोव्हेंबर

नेटे,

आजीचा आशीर्वाद, आणि व्हर्डेलचाही, कारण पेन तिच्या हातात आहे आणि तिचा आशीर्वाद आधी लिहिला नाही तर पुढचं ती वाकडं लिहील. सव्वीस वर्षं पोस्टात लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले, आता माझ्या शब्दांवर मारते. "असं नाही म्हणत, आर्झेला." मी म्हणते, मी असंच म्हणते, तू लिही.

तुझं मागचं पत्र तिने वाचून दाखवलं. ट्रकचा दरवाजा उन्हात इतका तापतो की हात लावता येत नाही, हे वाचलं तेव्हा इथे खिडकीवर बर्फ साचलं होतं. देवाने हवा वाटताना जरा बघून वाटायला हवी होती.

इथली बातमी म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आले. फेब्रुवारीत आपल्या पक्षाची सभा, आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहून मत द्यायची, म्हणून नोव्हेंबरपासूनच त्यांना आमची आठवण येते. चर्चच्या तळघरात मासे तळले होते, तिथे सिनेटर हॅडली आले. काट्याचमच्याने मासा खाल्ला आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "ताई, तुमच्यासारख्यांमुळे हा देश उभा आहे." मी म्हटलं, माझा गुडघा बघितला असता तर असं बोलला नसतात. हसले बिचारे. दात चांगले आहेत.

दुसऱ्या आठवड्यात ती तोवारबाई आली, मारिसोल तोवार. बोटांनी खाल्लं, माशाचे काटे ताटाच्या कडेला नीट लावले. मग खुर्चीवर चढून म्हणाली, निवडून आल्यावर पहिल्याच दिवशी सगळ्या पोरांना युद्धावरून परत आणते. पहिल्याच दिवशी.  मग कुणीतरी "आमेन" म्हणालं आणि बाकीच्यांनी ते कोण म्हणालं म्हणून मागे वळून पाहिलं.

बाई मला आवडली, खोटं कशाला बोलू. पण मी हॅडलीच्या बाजूने आहे आणि व्हर्डेल तर आमच्या भागातली त्याची कॅप्टन आहे, वही घेऊन दारोदार फिरते. तो "टप्प्याटप्प्याने" म्हणतो, "जबाबदारीने" म्हणतो, ऐकताना मला डुलकी येते. पण पुढच्या नोव्हेंबरात, खऱ्या निवडणुकीत, तो जिंकेल. ती हरेल. आणि हरलेली बाई कुणालाच घरी आणत नाही.

तू मार्चात येतेस. तुझ्या खोलीत मी शिवणाचं मशीन ठेवलं होतं, ते हलवलंय.

तुझी आजी
(आणि व्हर्डेल मावशी. वाकडं काही लिहिलेलं नाही.)


२७ नोव्हेंबर

प्रिय आजी,

आणि व्हर्डेल मावशी, नमस्कार. मावशी, हे जसं आहे तसं वाच. तू कॅप्टन असशील, पण आत्ता माझा आवाज आहेस.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला इथे टर्की दिली. तंबूतल्या पंख्याखाली बसून खाल्ली, वाळूसकट. मी बरी आहे. रोज एकच रस्ता, तिकडे माल घेऊन, इकडे रिकामे. पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्याकडे बघत राहायचं, एवढंच काम. रस्त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

आजी, तुझी सभा म्हणजे जी तिथे असेल तिचंच मत. टपालाने मत नाही. माझ्या फौजी कंपनीत आयोवाचे एकशे चाळीस जण आहेत आणि त्या संध्याकाळी आमच्यातला एकही मोजला जाणार नाही. युद्ध ज्यांचं चाललंय तेच फक्त त्या खोलीत नसणार. हे आम्ही परवा बोलत होतो तेव्हा हसू आलं. मग हसू थांबलं.

म्हणून मागते. माझ्या जागी तू तोवारच्या कोपऱ्यात उभी राहा. ती जिंकेल की नाही हे मला माहीत नाही. पण "पहिल्या दिवशी" म्हणणारं माणूस खोलीत एक तरी आहे हे मोजलं जावं, एवढंच मला हवंय. हॅडली "टप्प्याटप्प्याने" म्हणतो तेव्हा त्या टप्प्यांत आम्ही असतो, आजी.

मशीन हलवायची घाई करू नकोस. तुझ्या गुडघ्याला वजन उचलवत नाही.

तुझी नेटी


वॉटरलू
१४ डिसेंबर

नेटे,

व्हर्डेलने तुझं पत्र जसं आहे तसं वाचलं. तिचं तोंड आंबट झालं होतं त्यावरूनच कळलं की ती खरं वाचते आहे.

मला दोनच पाय आहेत, पोरी. एक तुला आणि एक मला असं करता येत नाही. सभेच्या दिवशी शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये, त्या जिममध्ये, अर्धी या कोपऱ्यात आणि अर्धी त्या कोपऱ्यात उभी राहिले तर लोक डॉक्टर बोलावतील.

आता नीट ऐक, ही गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. मिसिसिपीत माझी आई एकदा मतदार म्हणून नाव नोंदवायला कचेरीत गेली. चर्चची टोपी घालून गेली, मी तिच्या मागे. गोऱ्या कारकुनाने कायद्याचा एक कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, वाच आणि अर्थ सांग. आईला अक्षर येत नव्हतं. मलाही नव्हतं, शाळेच्या दिवसांत आम्ही कापसात असायचो. तो कारकून हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने कागद परत घेतला, घडी घातली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मग तुझे आजोबा मला इथे घेऊन आले, आणि पहिल्या हिवाळ्यात शेजारीण म्हणाली, आज सभा आहे, चल. मी म्हटलं, मला वाचता येत नाही. ती म्हणाली, वाचायचं काय आहे त्यात, कोपऱ्यात उभं राहायचं आणि कुणीतरी डोकी मोजतं. नेटे, एका माणसाने माझ्या डोक्यावर बोट धरून मोठ्याने "सत्तावीस" म्हटलं. त्या रात्री मी तुझ्या आजोबांना दहा वेळा सांगितलं की मी सत्तावीस आहे. त्यांना वाटलं मी वय लपवते.

म्हणून मी उभं राहणं वाया घालवत नाही. जो शेवटी जिंकेल त्याच्याच कोपऱ्यात. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं मी हेच केलं. चारशे पोरांना जेवायला घालायचं, तर चिलीच्या रश्श्यात मिरची आपल्या जिभेला हवी तेवढी घालून चालत नाही. इथल्या पोरांना सोसेल तेवढीच. सपक केली, पण भांडं रिकामं परत आलं. हॅडली म्हणजे तशीच चिली. मला गोड लागत नाही, पण भांडं रिकामं होईल आणि तू घरी येशील.

रागावलीस तर मार्चात ये आणि तोंडावर भांड. मी तयार आहे.

तुझी आजी

(मिरचीबद्दल ती खरं सांगते. मी त्या शाळेत जेवले आहे. फार सपक होती. – व्हर्डेल)


३ जानेवारी

प्रिय आजी,

आधी ते लिहिते जे मागच्या वेळी लिहायला हवं होतं. मी मार्चात येत नाही. आमच्या कंपनीचा मुक्काम जुलैपर्यंत वाढवला आहे. हुकूम नोव्हेंबरातच आला होता. सणाचं पत्र लिहिताना मला ठाऊक होतं आणि मी टर्कीबद्दल लिहीत बसले. तू मशीन हलवलंस हे वाचून मला सांगवेना. मला माफ कर.

सिनेटमध्ये या वाढीवर मतदान झालं तेव्हा हॅडलीने "हो" म्हटलं. इथे एकाने कापून आणलेल्या वर्तमानपत्रात आहे. म्हणून तो वाईट माणूस ठरत नाही. त्यालाही नोव्हेंबर दिसतोय, तुझ्यासारखाच.

आता मिरची. आजी, सव्वीस वर्षांत त्या चारशे पोरांना तू एकदा तरी विचारलंस का?

कोपरा तुझा आहे. पाय तुझे आहेत. मी पुन्हा मागणार नाही.

नेटी


वॉटरलू
५ फेब्रुवारी

नेटे,

हे पत्र व्हर्डेलच लिहिते आहे. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेता आलं असतं. पाद्रीबुवा तयार होते. पण त्यांचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे असं व्हर्डेलच म्हणते, आणि जे मी सांगणार आहे ते तिच्याच हातून कागदावर उतरलेलं मला हवंय. लिही, व्हर्डेल. एक शब्द गाळलास तर मला कळणार नाही, पण नेटीला कळेल.

सोमवारी सात वाजता आम्ही शाळेच्या जिममध्ये गेलो. माणसं एकशे एकतीस. म्हणजे ज्या कोपऱ्यात वीस डोकी नाहीत तो कोपरा मोडतो, त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं नाहीतर घरी. दाराजवळच्या बास्केटबॉलच्या बास्केटखाली हॅडली, रंगमंचाच्या पायरीशी तोवार, बाकीचे इकडेतिकडे. मी बास्केटखाली, व्हर्डेलने खुर्ची आणून ठेवलेली.

पहिली मोजणी झाली. आम्ही चौसष्ट. तोवारकडे अठरा. मग अर्धा तास मिळतो, लोक एकमेकांना ओढतात. मला कुणी ओढेना, माझा गुडघा सगळ्यांना माहीत आहे. बसल्या बसल्या तुझी मिरची आठवली. म्हटलं, चला, विचारून तरी बघू.

शेजारी लव्हेल न्हावी उभा होता. त्याला म्हटलं, "लव्हेल, खरं सांग, मन कुणावर आहे तुझं?"

"मन ना? मन तोवारवर. पण काकू, तिकडे शेतावरचे गोरे लोक तिला मत देणार आहेत का?"

त्याच्या पलीकडे दाताच्या डॉक्टरची बायको. ती म्हणाली, "मला तीच आवडते हो. पण माझ्या सासऱ्यांना नाही चालणार."

"सासरे आलेत का?"

"ते फ्लोरिडात असतात."

तिसरा एक मास्तर होता, कोवळा, दाढी नुकती फुटलेली. तो मान खाली घालून म्हणाला, "मी तर तिच्यासाठी दारोदार फिरायला तयार होतो, आजी. पण तुमच्यासारख्या वयस्क लोकांना ती झेपणार नाही असं वाटलं."

नेटे, बघ. तो माझ्यासाठी हॅडलीकडे उभा होता आणि मी शेतकऱ्यांसाठी. चौसष्ट माणसं, आणि जो तो खोलीत नसलेल्या कुणासाठी तरी उभा. मी त्याला म्हटलं, "मला काय झेपतं ते मला विचारायचंस, बाळा." तो म्हणाला, "मग, झेपेल?" मी म्हटलं, "गप्प बस."

तेवढ्यात रंगमंचाकडून एक बाई आली. कॅरल ड्यूटमायर, गावाच्या कडेला त्यांची मक्याची शेती. गोरी, गालांवर वाऱ्याचे डाग. ती शेतकरीणच, आणि तोवारकडून माणसं ओढायला आलेली. ज्यांच्या भीतीने आम्ही त्या कोपऱ्यात बसलो होतो त्यांच्यातली एक. एक बाई म्हणजे काही आख्खं आयोवा नव्हे, हे मला कळतं. पण ती माझ्यापुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, "तुम्ही नेटीच्या आजी ना? माझा ब्रेंट तिच्याच कंपनीत. जुलैपर्यंत लांबलं तेव्हापासून मी झोपलेली नाही. तुम्ही कशा झोपता?"

मी म्हटलं, "मार्च."

ती म्हणाली, "जुलै."

मी व्हर्डेलकडे पाहिलं. तिने वही छातीशी धरली होती. मी विचारलं, "व्हर्डेल, शेवटच्या पत्रात तू काय वाचलं नाहीस?"

"तुझा रक्तदाब, आर्झेला."

"आणि?"

(इथे ती थांबली आहे आणि मी लिहावं म्हणून बघते आहे. मी म्हणाले, "आणि मी डोकी मोजत होते." सगळा सुरुवातीचा भाग मी गाळला, जुलै आणि हॅडलीचं "हो" दोन्ही. मिरचीपासून पुढे वाचलं. आधी खरंच रक्तदाबासाठी. मग वहीत तुझ्या आजीच्या नावापुढे हॅडलीची खूण केलेली दिसली आणि मी ती पुसली नाही. – व्हर्डेल)

जन्मभर मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचलं, नेटे. दुकानदार, डॉक्टर, बँकेचा माणूस, जे म्हणाले ते मी धरून चालले. व्हर्डेलचे डोळे मात्र मी माझेच समजत होते. पण त्या क्षणी मला राग आला नाही, नवल वाटलं. राग घरी आल्यावर आला, दोन दिवस पुरला.

मी उठले. खुर्ची तिथेच ठेवली. जिम किती लांब असते ते गुडघ्याला विचार. मास्तर हात द्यायला आला, मी म्हटलं, तू तिथेच उभा राहा, तुझे वयस्क लोक बघून घेतील. मी रंगमंचाच्या पायरीपाशी गेले आणि कॅरलच्या शेजारी उभी राहिले.

माझं मत बदललेलं नाही. नोव्हेंबरात हॅडली जिंकेल असं मला अजून वाटतं. पण खोलीत नसलेल्या माणसासाठीच उभं राहायचं असेल, तर जिने मला स्वतः सांगितलंय तिच्यासाठी राहीन. फ्लोरिडातल्या सासऱ्यांसाठी नाही.

मोजणाऱ्याने माझ्या डोक्यावर बोट धरलं. "एकोणीस," म्हणाला. आणि पुढे कुणीच नव्हतं.

त्याने दोनदा विचारलं. कॅरलने जिमभर हाका मारल्या. मग कोपरा मोडला. काही हॅडलीकडे गेले, काही कोट घालून निघाले. मला म्हणाले, आजी, खुर्चीकडे चला, तिकडे मोजतो. मी म्हटलं, मला एकदा मोजलंय, पुरे. म्हणजे मोजणीच्या कागदावर तूही नाहीस आणि मीही नाही. आपण दोघी सारख्याच.

हॅडली राज्यभर जिंकला. बघ, मी सांगितलं होतं.

तुझी आजी

(मी विसावी झाले असते. मी तिच्याकडे बघत होते आणि ती माझ्याकडे नाही. कॅप्टनने कोपरा सोडायचा नसतो, असं तेव्हा वाटलं. घरी आणताना गाडीत ती मागच्या सीटवर बसली. तिसऱ्या दिवशी दार वाजवून म्हणाली, "पेन आहे का घरात?" – व्हर्डेल)


२० फेब्रुवारी

प्रिय आजी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, मग ब्रेंट ड्यूटमायरला दिलं. त्याने आईचं नाव आलं तिथे बोट ठेवलं आणि तंबूबाहेर जाऊन आला. मग ते तंबूभर फिरलं.

रविवारी जेवणानंतर कुणीतरी म्हणालं, आपण आयोवाचे आहोत ना, मग उभे राहू. सार्जंट म्हणाला, राजकारण चालणार नाही. ब्रेंट म्हणाला, राजकारण नाही सार्जंट, आम्ही फक्त उभे राहतोय. सार्जंट पाठ करून कॉफी घेत बसला, फार वेळ. रसाच्या यंत्रापाशी तोवार, ताटं ठेवतात तिथे हॅडली. बत्तीस जण होतो. तोवार एकोणीस. हॅडली तेरा.

आजी, तेरामध्ये मी आहे. पाय तिकडे वळले तेव्हा ब्रेंट ओरडला, "नेटी, तो कोपरा नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे. तिथे वॉटरलूत माझ्या जागी कुणीतरी उभं राहिलं, म्हणून इथे एका म्हातारीची जागा रिकामी पडली होती. मला पटलं का? नाही. पण तेरा जणांना विचारलं, मन कुणावर. चौघे म्हणाले, हॅडलीवर. खरोखरच. त्यांची कारणं ऐकण्यासारखी होती. कुणाचाही सासरा त्यात नव्हता.

व्हर्डेल मावशी, तुझ्यावर मी अजून रागावलेली आहे. तरी हे तूच वाच. दुसऱ्या कुणाच्या आवाजात मला घरी यायचं नाही.

नेटी


वॉटरलू
९ मार्च

नेटे,

मूर्ख आहेस. मी इथे तुझ्यापायी हरले आणि तू तिथे माझ्यापायी. आपल्या घरात अक्कल वाटली तेव्हा आपण दोघी कुठे होतो कोण जाणे.

व्हर्डेलने तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तुझ्या रागाची ओळ तिने मोठ्याने वाचली, मग चष्मा पुसला, मग पुन्हा वाचली. मी काही सांगितलं नव्हतं. आता ती प्रत्येक पत्राच्या ओळी आधी मोजून सांगते. या तुझ्या पत्रात बावीस होत्या. ती वाचते तशा मी बोटांवर मोजते. मजा येते.

मशीन पुन्हा तुझ्या खोलीत ठेवलंय, जुलैपर्यंत माझे पडदे शिवून होतील. कॅरल अंडी घेऊन येते. तिला मिरची सोसते, विचारून घातली.

आता शेवटचं, आणि हे नीट लिही, व्हर्डेल. नोव्हेंबरात उभं राहायचं नसतं, तेव्हा कागद असतो, आणि त्यावर नावं असतात. मला वाचता येत नाही म्हणून कायद्याने मी माझ्या पसंतीचं एक माणूस आत नेऊ शकते. आजवर व्हर्डेलला नेलं. या वेळी तिला सांगून ठेवलंय की तिने बाहेर बाकावर बसायचं. ती हो म्हणाली.

त्या कागदावर हॅडलीचं नाव असेल की तोवारबाईचं, मला ठाऊक नाही. नेटे, माझ्याबरोबर आत तू यायचं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी नावं तू वाचायची आहेस. मी ऐकीन, आणि मग बोट ठेवीन.

तुझी आजी